सड्यावरचा ग्लायडर क्लब हंगामभर कसा चालवावा

मी स्वतः विमान बेताचंच उडवते. पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, गोळा करणं हा माझा धंदा, आणि आमच्या क्लबाची वही, हिशेब, फोनाफोनी माझ्याकडे. देवगड तालुक्यात समुद्राकडच्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, आम्ही रिमोटवर चालणारे, इंजिन नसलेले ग्लायडर उडवतो. फोमचे, दीड मीटर पंखांचे, वजनाला पाऊण किलोच्या आतले. शाळेतली मुलं आहेत, आयटीआयची पोरं आहेत, दोन निवृत्त मास्तर, एक वायरमन आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी. पगार कुणालाच नाही.

आता आजूबाजूच्या गावांतून विचारणा होते, आम्हालाही सुरू करायचंय, विमान कुठलं घेऊ? विमानाचं उत्तर चार ओळींत संपतं आणि ते मी शेवटी दिलंय. क्लब बंद पडतात ते विमानामुळे पडत नाहीत.

वाऱ्यामुळेही पडत नाहीत. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आठवा. ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते. ही हवा सड्याच्या उताराला आपटली की तिला वर चढण्याशिवाय वाट नसते. त्या चढत्या पट्ट्यात ग्लायडर ठेवता आला की तो इंजिनाशिवाय तासन्‌तास वर राहतो. थंडीत सकाळी मात्र मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. तेव्हा उतारावर हवा खाली बसते. फेकलेलं विमान सरळ खालच्या खडकात. नोव्हेंबर-डिसेंबरात वारा फिरायला दुपार उलटते. मार्च-एप्रिलमध्ये तो लवकर लागतो, वायव्येकडून येतो, तीन-चारच्या सुमाराला भरात असतो आणि सूर्य टेकला की पडतो. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर माणूस बसायचे खरे ग्लायडर विंचने दोर ओढून वर पाठवतात आणि मग तापल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा शोधत गोल फिरवतात. आपल्याला उतारावरची चढती हवा शोधायला लागत नाही, ती पावसाळा सोडून जवळजवळ रोज येते.

अडतं ते हातांवर. एक विमान हवेत असेल तर उडवणारा एक, त्याच्या शेजारी आकाशावर नजर ठेवणारा एक, बघ्यांना कड्यापासून मागे ठेवणारा एक आणि वही लिहिणारा एक. चार माणसं नसतील त्या दिवशी विमानांचा डबा उघडायचा नाही, मग वारा कितीही गोड असो. म्हणून हंगाम आखताना आधी माणसांचं कॅलेंडर समोर घ्या.

कुठला महिना कुणाचा

गणपतीत गाव भरलेलं असतं. प्रत्येक जण म्हणतो, "आम्ही आहोत ना!" त्यांची नावं लिहून घ्या, वर्गणी घ्या, ड्युटी देऊ नका. ते आठ दिवसांत दादर गाठणार असतात. वार्षिक सभा मात्र याच दिवसांत उरकून घ्यावी, कोरम आपोआप होतो. सभा अर्ध्या तासाची ठेवा आणि आरतीच्या वेळेच्या आत संपवा.

दसरा ते दिवाळी भातकापणी. कुणाला बोलावू नका. सड्यावरचं गवतही उभं असतं, त्यात पडलेलं विमान सापडत नाही. या दिवसांत दोघांनी जाऊन जागा पाहून यावी एवढंच.

खरी सुरुवात तुळशीच्या लग्नानंतर. नोव्हेंबर ते जानेवारी हा शिकाऊ मुलांचा काळ. शनिवारी शाळा सकाळची असते आणि वारा दुपारचा, हे गणित देवानेच घालून दिलंय. नव्या मुलाला पहिले दोन-तीन शनिवार रिमोट देऊ नका, हाताने फेकायचा छोटा थर्माकोलचा ग्लायडर द्या आणि नाकाला चिकणमातीची गोळी कमी-जास्त करायला लावा. गुरुत्वमध्य म्हणजे काय हे त्याला बोटांना कळतं, फळ्यावरचं विसरतो.

जत्रांच्या तारखा आधी वहीत उतरवा. आपल्याच गावाची नव्हे, शेजारच्या पाच गावांच्या. रात्रभर दहीकाला, म्हणजे दशावतारी नाटक, बघितलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी सड्यावर उभा राहत नाही, आणि राहिला तरी त्याच्या हातात रिमोट देऊ नये. आंगणेवाडीची तारीख पंचांगात मिळत नाही, देवीचा कौल झाला की जाहीर होते. त्या आठवड्यासाठी वहीत पेन्सिलनेच लिहा. महाशिवरात्रीला कुणकेश्वराकडे सगळा तालुका लोटतो, रस्ते भरतात, पोलीस बंदोबस्तात असतात. त्या दिवशी बंद.

फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावी. परीक्षेच्या मुलांना ड्युटीवरून स्वतःहून काढा. पालकांनी तक्रार करायची वाट बघितलीत तर पुढच्या वर्षी त्या घरातलं धाकटं भावंड येणार नाही. मग शिमगा. पालखी गावात असेपर्यंत सड्याकडे कुणी फिरकत नाही आणि फिरकूही नये.

शिमगा संपला की आंबा. वारा वर्षातला सगळ्यात चांगला, माणसं सगळ्यात कमी. बागायतदाराकडे, मजुराकडे, टेम्पोवाल्याकडे, पेट्या भरणाऱ्या बायकांकडे, कुणाकडेही सवड नसते. आम्ही या दोन महिन्यांत शिकाऊ मुलांचं काम थांबवतो आणि आठवड्यातून एक दिवस 'चौघांचा' ठेवतो: दोन मास्तर, वायरमन आणि मी. त्या दिवशी हवेत एका वेळी एकच विमान. क्लब जिवंत ठेवायला एवढं पुरतं. एप्रिलमध्ये मोठा मेळावा भरवायची हौस अनेकांना येते, कारण वारा बघून मोह होतो. भरवायचाच तर जानेवारीत भरवा.

मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं आणि पर्यटक. उडवणं कमी, गर्दी सांभाळणं जास्त. शेवटच्या आठवड्यात पूर्वेकडे, सह्याद्रीवर, ढगांचे ढिगारे चढू लागतात. वळवाचा पाऊस यायच्या आधी वारा एकदम उलटा फिरतो आणि झटका देतो. ढग दिसले की आधी विमान उतरवा, वाद नंतर घाला. मृगाच्या आधी हंगाम बंद.

ड्युटी मागायची कशी

पिग्मीत एक गोष्ट पक्की कळते. महिन्याच्या शेवटी एकदम सहाशे देईन म्हणणारा बुडवतो, रोज वीस रुपये देणारा वर्षानुवर्षं देत राहतो. वेळेचंही तसंच आहे. "क्लबासाठी काय लागेल ते करीन" असं म्हणणाऱ्याला मी मनातल्या मनात वजा करते. "महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तीन ते पाच, एवढंच जमेल" म्हणणारा सोन्यासारखा. म्हणून मागताना पूर्ण दिवस मागू नका, दोन तास मागा, ठरलेले मागा, आणि पाच वाजता त्याला खरोखर सोडा. पाचाचे सात झाले की पुढच्या महिन्यात त्याच्या सासऱ्याची तब्येत बिघडते.

ग्रुपवर मेसेज टाकून ड्युटी भरत नाही. अंगठा दाखवणारे अकरा आणि येणारे तीन. गुरुवारी संध्याकाळी मी फोन करते, किंवा पिग्मीच्या फेरीत दारातच विचारते. "काका, शनिवारी वही तुमच्याकडे, होय ना?" तोंडी 'होय' आलं की वहीत नाव. 'बघतो' आलं तर नाव नाही. मालवणी मुलखात 'बघतंय' म्हणजे नाही, हे बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांना वेगळं सांगावं लागतं.

फक्त उडवायला येणारा एक तरी माणूस प्रत्येक क्लबात असतो. महागडं विमान, काळा चष्मा, आल्या आल्या फेकणार, तासाभराने गाडीत घालून जाणार. त्याच्याशी भांडू नका, नियम करा: आधी ड्युटी, मग पाळी. हा नियम आम्ही काढलेला नाही. पहिल्या महायुद्धानंतर तहामुळे जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा १९२० सालापासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर तिथली तरुण मुलं ग्लायडर घेऊन जमू लागली. रबराचा दोर लावून सगळ्यांनी उतारावर धावत ओढायचं तेव्हा एक जण उडणार. ओढणारे नसतील तर उडणाराही नाही. खऱ्या ग्लायडिंग क्लबांत आजही पंखाचं टोक धरून धावणारा, विंच चालवणारा, वेळ टिपणारा हे सगळे आपापली पाळी येण्याची वाट बघणारे सभासदच असतात. आमच्या चष्मेवाल्यांना मी वासरकुप्पे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. परदेशातलं उदाहरण दिलं की काही लोकांना पटकन पटतं.

बायका आणि मुली टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: सड्यावर जवळचा संडास कुठे आहे? आम्ही सड्याच्या वाटेवरच्या एका घरातल्या वहिनींशी बोलून ठेवलंय. हंगामाच्या सुरुवातीला त्यांना एक हजार रुपये आणि फिनेलची बाटली. त्यानंतर मुलींची संख्या वाढली, आयाही चार तास थांबू लागल्या. विमानाच्या सुट्या भागांआधी हा खर्च बजेटात टाका.

आणखी एक. कुणालाही स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालायला लावू नका. चिठ्ठी द्या, पैसे घ्या. "राहू दे गं" म्हणतील, तरी द्या. तीन वेळा राहू दे म्हटलेला माणूस चौथ्या वेळी येत नाही, आणि का येत नाही ते सांगतही नाही.

जागा, बाग आणि झेला

सडा मोकळा दिसतो म्हणून तो सरकारचा नसतो. सातबारा काढा. बहुतेक वेळा खाजगी निघतो, पोटखराबा म्हणून लागलेला, आणि वर सामाईक नावांची रांग. निम्मी डोंबिवलीत, दोन हयात नाहीत. गावात राहणाऱ्या हिस्सेदारांची साध्या कागदावर लेखी संमती घ्या, बाकीच्यांना गणपतीत गाठा. ग्रामपंचायतीला पत्र द्या आणि पोच घ्या. जवळच्या पोलीस ठाण्यालाही हंगामाच्या वेळापत्रकाची प्रत द्या. किनारा आहे; २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्राकडून आकाशात काही फिरताना दिसलं की फोन जातोच, आणि तो जावाच. सागर सुरक्षा कवचासारखा सराव चालू असेल किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश असेल तर विमान घरी.

इंजिन नसलं तरी रिमोटवर चालतं म्हणजे ते ड्रोन नियम २०२१ च्या कक्षेत येतं. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनच्या संकेतस्थळावरच्या नकाशात आपली जागा हिरव्या क्षेत्रात, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात, आहे ना ते आधी बघा. हिरव्या क्षेत्रात मर्यादा १२० मीटर उंचीची. चिपीच्या किंवा रत्नागिरीच्या विमानतळाजवळ राहत असाल तर जागा बदला, वाद घालू नका. नकाशाची छापील प्रत डब्यात ठेवा. हवालदारसाहेब आले की मोबाइलला रेंज नसते.

उतार कसा निवडायचा? उभा कडा दिसायला भारी, पण वारा त्याच्या कडेवरून सुटला की मागे भोवरे होतात आणि उतरणारं विमान त्यात आपटतं. थोडा कलता, कड गोलाकार असलेला उतार चांगला. उतरायची जागा कडेपासून बरीच मागे ठेवा. जांभ्याची कड खालून पोखरलेली असते, वरून कळत नाही. आम्ही कडेच्या तीन मीटर अलीकडे नारिंगी दोरी बांधतो आणि दोरीपलीकडे कुणीही जात नाही, विमान तिथे पडलेलं डोळ्यांना दिसत असलं तरी.

दगडावरच्या रेघा बघा. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, काही अजून मातीखाली. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांचं नाव गेलं. मळलेल्या वाटेखेरीज गाडी सड्यावर घालू नका, खुंट्या ठोकू नका. काही कोरलेलं दिसलं तर झाडू मारून फोटो काढायला बसू नका, ग्रामपंचायतीला कळवा आणि उतरायची जागा बाजूला सरकवा.

उताराच्या खालच्या झाडांवर समुद्री गरुडाचं घरटं असेल, ज्याला आमच्याकडे काकण म्हणतात, तर पिल्लं उडेपर्यंत तो उतार सोडा. घारी विमानाबरोबर गंमत म्हणून फिरतात, काकण गंमत करत नाही.

आणि बाग. सड्याच्या मागे आणि खाली आंबा-काजूच्या बागा असतातच, आणि विमान कधी ना कधी कलमावर बसतंच. आमचं पहिल्याच हंगामात बसलं. बागवाल्या काकांचा फोन आला, "गो बाय, तुमचा पाखरू माझ्या कलमार बसला हा. मोहोर झडलो तर कोण भरून देतलो?" रागाचा प्रश्न नव्हता, हिशेबाचा होता. जानेवारीत एका फांदीवरचा मोहोर म्हणजे मे महिन्यातले पैसे. तेव्हापासून आमची पद्धत अशी: बागेत मालकाला विचारल्याशिवाय पाऊल नाही, मालक फोन उचलत नसेल तर विमान रात्रभर तिथेच. झाडावर चढायचं नाही. बांबूच्या झेल्याने काढायचं, तोच आंबे काढायचा झेला, फक्त पातं काढून टाकलेला. जाळीचा गोल विमानाच्या नाकाखाली न्यायचा, पंखाखाली नाही. एकाने झेला उचलून धरायचा आणि दुसऱ्याने दुसऱ्या काठीने फांदी हलकेच खाली दाबायची. ओढलंत तर मोहोरही येतो आणि पंखही फाटतो. दाबलंत तर विमान आपल्या वजनाने जाळीत घसरतं. पाच मिनिटं लागतात. मुलांना हे आधी घरच्या झाडावर शिकवा.

फळ पडलंच तर त्या दिवसाच्या भावाने पैसे, तिथल्या तिथे. काका घेत नाहीत. पण वहीत 'देऊ केले, घेतले नाहीत' असं लिहून त्यांची सही घेते. आज सड्यावर जायची वाट त्यांच्याच बागेतून आहे.

फवारणीच्या दिवशी बागेवरून वारा जातो त्या बाजूला मुलांना उभं करू नका. फवारणी कधी आहे ते आदल्या दिवशी विचारायचं काम वहीवाल्याचं.

प्रत्यक्ष दिवशी

दुपारी सड्यावर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं डबा बंद ठेवा आणि समुद्र बघा. पाण्यावर तुरळक पांढरे तुरे असतील आणि काजूची पानं सतत हलत असतील तर नवख्यांसाठी छान. तुरे सगळीकडे पसरलेत, बारक्या फांद्या डोलायला लागल्यात, तर फक्त जाणकारांनी उडवावं. लहान झाडंच्या झाडं हलू लागली तर चहा पिऊन घरी या.

मैदानप्रमुख एकच. त्या दिवशी त्याचा शब्द अखेरचा, तो आयटीआयचा पोरगा असला आणि उडवणारे मास्तर असले तरी. आमच्याकडे प्रमुखाच्या गळ्यात शिट्टी असते. एक लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी उतरवा. का, असं तेव्हा विचारायचं नाही.

उडवण्याआधी प्रत्येक विमानाची तपासणी दुसऱ्याने करायची, ज्याचं आहे त्याने नाही. रिमोट डावीकडे दिला की पंखाची पाती बरोबर बाजूला हलतात का, बॅटरी भरलेली आहे का, रिमोट बंद केल्यावर पाती ठरलेल्या जागी जातात का. पाती उलटी जोडलेली विमानं मालकाला कधीच दिसत नाहीत.

हवेत एका वेळी तीनपेक्षा जास्त नकोत. वळायचं ते नेहमी समुद्राकडे, डोंगराकडे कधीच नाही. समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे तो सरळ जाईल आणि दुसरा समुद्राकडे सरकून वाट देईल. माणूस बसलेल्या ग्लायडरांनाही हाच नियम आहे. दोघांनीही उजवीकडे वळायचं ठरवलं तर एक जण थेट डोंगरात जाईल. "उतरतोय!" अशी मोठ्याने हाक आली की उतरायच्या जागेतली माणसं, कुत्रे, सेल्फीवाले सगळे बाजूला.

विमान खालच्या खडकात गेलं तर वरून कुणी उतरायचं नाही, हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कुणीतरी चप्पल काढून तयार असतो. खालून, पुळणीच्या बाजूने, ओहोटीलाच जायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे कोकणात पोरांनाही माहीत असतं: चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, म्हणजे ती दुपार विसरा. अष्टमी ते एकादशीच्या दरम्यान ओहोटी बारा ते दोनच्या आसपास येते, तेव्हा दोघांनी जाऊन आणावं. तोपर्यंत विमान टिकलं तर टिकलं.

आग ही सगळ्यात मोठी भीती. डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत काडेपेटीला टेकलेलं असतं आणि वणवा बागेत शिरायला वेळ लागत नाही. बिडी-सिगारेट वाटेवरच संपवायची. वीस लिटर पाण्याचा कॅन आणि चार ओली गोणपाटं कायम सोबत. आपटलेल्या विमानातली लिथियम बॅटरी लगेच डब्यात घालू नका. ती फुगते, काही वेळाने पेटतेही. उघड्या कातळावर, गवतापासून लांब, अर्धा तास ठेवा आणि एकाला तिच्याजवळ बसवा. शाळेच्या मुलांच्या विमानांत आम्ही लिथियम वापरतच नाही. चार पेन्सिल सेलच्या आकाराच्या चार्ज होणाऱ्या निकेल बॅटऱ्या, ४.८ व्होल्ट. थोड्या जड पडतात. पडू देत.

खाणं साधं ठेवा: घावणे, चटणी, थर्मासमध्ये चहा, मार्चनंतर कोकम सरबत. कचऱ्याची पिशवी परत आणायची.

पैसे

वर्गणी वर्षाची एकदम घेऊ नका, महिन्याची घ्या. आमची शंभर रुपये, विद्यार्थ्यांना माफ. दहा रुपयांचीही पावती फाडा. बँकेत दोन सह्या, आणि दोन सह्या एकाच घरातल्या नकोत. नुकसानभरपाईची रक्कम वेगळी ठेवा आणि तिला कुठल्याही कारणाने हात लावू नका.

मे महिन्यात पर्यटक विचारतात, आमच्या मुलाला पाच मिनिटं द्या, किती घ्याल? काही घेऊ नका. दोन किलोपर्यंतचं विमान हौसेने उडवायला परवाना लागत नाही, पैसे घेतलेत की तो व्यवसाय झाला आणि सगळी गणितं बदलली. डब्यात देणगी टाकायची असेल तर पावती घेऊन टाकू देत.

नोंदणी करायची झाली तर किमान सात सभासद लागतात. धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली की दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हा अर्ज राहतो आणि दहा वर्षांनी कागदावर अजून जुनेच अध्यक्ष निघतात. पहिली दोन वर्षं नोंदणीच्या भानगडीत पडू नका. आधी माणसं टिकतात का ते बघा.

विमान, आणि पावसाळा

ईपीपी फोमचा, शेपूट नसलेला, नुसत्या पंखाचा ग्लायडर घ्या. जांभ्यावर आपटला तर वाकतो, मोडत नाही. बाल्सा लाकडाचं देखणं विमान आमच्या कातळावर एका उतरण्यात संपतं. फोमवर दोरे असलेली चिकटपट्टी आडवी-उभी मारा. दोन विमानं सारखीच घ्या, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला लागतो.

खाऱ्या हवेने सर्व्हो (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि पिना गंजतात. प्रत्येक दिवसानंतर ओलसर फडक्याने मीठ पुसा, मग कोरड्याने. जूनमध्ये रिसीव्हर, रिमोट, सर्व्हो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या महिन्याने बदला. लिथियम बॅटऱ्या भरून ठेवायच्या नाहीत आणि रिकाम्याही नाहीत, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणून मातीच्या मडक्यात वाळूवर ठेवा. मडकं माळ्यावर नको, स्वयंपाकघरात नको, पडवीच्या कोपऱ्यात.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी शाळेच्या एका वर्गात दुरुस्ती. गोंद, पट्टी, गरम भजी. उडवायचं काहीच नसताना जो येतो त्याचं नाव वहीत वेगळ्या शाईने लिहा, ऑक्टोबरात मैदानप्रमुख त्यांच्यातूनच निवडायचा. आणि डब्याची किल्ली कुणाकडे दिलीय तेही त्याच पानावर लिहून ठेवा. गणपतीत ती लागते आणि तेव्हा प्रत्येक जण म्हणतो, माझ्याकडे नाही.